कॅनडाची बातमी

आयर्लंडमधल्या ट्रली गावात आम्ही पहिले सात आठवडे एका हॉटेलात काढले. म्हणायचं हॉटेल, पण खोल्या नऊच, आणि चालवणारं घर एकच: सत्तरी ओलांडलेला मालक, त्याची मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात. भाड्याचं घर मिळेपर्यंत नवऱ्याच्या कंपनीने तिथे सोय केली होती. २००९ चा ऑक्टोबर होता. नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा तो सहाला यायचा. मी पुण्यातली अकरा वर्षांची नोकरी सोडून त्याच्यामागे आले होते आणि माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर खिडकीत बसून मी पार्किंगमधल्या गाड्या बघायचे.

मालकाची मुलगी चादरी बदलायला आली तेव्हा एक दिवस मी उठून दुसरं टोक धरलं. मग ते रोजचंच झालं. चादरीच्या घड्या घालायच्या, उशांचे अभ्रे बदलायचे, दुपारी स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायचे. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिचं इंग्रजी इतकं भरभर धावायचं की अर्धं मला कळत नसे, आणि ‘प्रेसमधून बशा काढ’ म्हणाली की मी इस्त्री शोधायला लागायचे. प्रेस म्हणजे कपाट, हे तिनेच शिकवलं. त्या गावात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

तिचा बाप मात्र वाईट बोलायचा. सकाळी डायनिंग रूमच्या दाराशी पेपर उघडून बसायचा आणि सगळे पाहुणे खात असताना मोठ्याने म्हणायचा, “टोस्ट गार आहे. तुझ्या आईच्या हातून कधी गार टोस्ट गेला नाही.” किंवा, “चहा आहे का हा? विचार लोकांना.” ती टोस्ट बदलून आणायची. नुसते कान लाल व्हायचे. बांधकामं बंद पडल्यापासून जावयाला सुतारकाम मिळत नव्हतं, म्हणून तोही तिथेच राबायचा आणि त्यालाही टोमणे मिळायचे.

एकदा चादर झटकताना ती हळूच म्हणाली, “आम्ही कॅनडाला चाललोय. त्याला तिकडे काम मिळालंय. कागदपत्रं झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघू.”

“आणि वडील?”

“जानेवारीत त्यांचं खुब्याचं ऑपरेशन आहे. ते नीट चालायला लागले की मीच सांगीन. डब्लिनचा माझा भाऊ त्यांना न्यायला तयार आहे. तोवर कुणाला बोलू नकोस हं.”

मी शप्पथ घेतली. आपल्याकडे घेतात तशी, गळ्याला चिमटा काढून. ती हसली आणि तिनेही गळ्याला चिमटा काढला.

पुढच्या आठवड्यात मी खोलीत छोट्या शेगडीवर वरणाला फोडणी दिली. रोजच्या उकडलेल्या भाज्यांनी जीव विटला होता. मोहरी तडतडली आणि त्याच क्षणी हॉटेलभर अलार्म वाजायला लागला. नऊ खोल्यांतली माणसं पावसात पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली, एक बाई तर आंघोळीच्या टॉवेलवर. मालक काठी टेकत माझ्यासमोर आला.

“ही खोली झोपायला दिली आहे,” तो म्हणाला. “तंबू ठोकायचा असेल तर कुरणं पुष्कळ आहेत.”

पाहुण्यांपैकी दोघं-तिघं हसले. माझा नवरा खाली मान घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी दिलेल्या रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन मी माफी मागायला स्वयंपाकघराकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत ती माझी नक्कल करत होती. मान डोलावत, माझ्या आवाजात, “व्हेरी सॉरी, व्हेरी व्हेरी सॉरी, ओन्ली लिटिल स्मोक!” आणि म्हातारा हसत होता. डोळे पुसत, टेबलावर हात आपटत हसत होता. बाप तिच्यामुळे हसलाय असं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने परत केलं, या वेळी हातवाऱ्यांसकट. तो परत हसला.

आज मला कळतं की ते हसू तिला किती दुर्मीळ होतं. तेव्हा फक्त माझा आवाज ऐकू येत होता. मी डबा घेऊन वर गेले आणि रात्रभर ठरवत राहिले.

सकाळी नवरा गेल्यावर मी खाली आले. मालक पेपर वाचत होता. मी चहा ओतून घेतला, त्याच्या टेबलाशी थांबले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “तुम्हाला फार चुकल्याचुकल्यासारखं होईल नाही? नातीची तर सवयच झाली असेल. कॅनडा काही जवळ नाही.”

त्याने पेपर खाली केला. “कोण चाललंय कॅनडाला?”

“अगं बाई,” मी तोंडावर हात ठेवला. “मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल.”

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हसत होते. ते हसू त्याने पाहिलं, हे मला पक्कं माहीत आहे. “ग्रँड,” तो म्हणाला, तिकडे ‘ठीक आहे’ला म्हणतात तसं, आणि पेपर पुन्हा वर केला.

मला वाटलं होतं, ती चार बोलणी खाईल, रडेल, आणि मग आमची फिटंफाट. तसं झालं नाही. पाहुणे गेल्यावर त्याने मुलीला आणि जावयाला बोलावून सांगितलं की संध्याकाळपर्यंत घर सोडा. ती विनवण्या करत होती ते मला जिन्यावर ऐकू येत होतं. मग तो दुखऱ्या खुब्याने एकेक पायरी चढून वर गेला आणि नातीचं सामान स्वतः खाली आणायला लागला. आधी गमबूट. मग कपड्यांची पिशवी. मग लाकडी बाहुलीघर, जावयाने बनवलेलं. प्रत्येक खेपेला तो कठडा धरून कण्हायचा आणि परत चढायचा. जावई मदतीला आला तर त्याने काठी उगारली. सगळं दाराबाहेर ओल्या खडीवर मांडलं.

अडीचला नात शाळेतून आली. बाहुलीघराच्या छतावरून पाणी ओघळत होतं.

“आजोबा, माझं घर बाहेर का ठेवलंय?”

“आईला विचार,” तो म्हणाला. “तुम्हाला इथे राहायचं नाहीये.” आणि त्याने दार लावून घेतलं.

निघण्यापूर्वी मालकाची मुलगी मागच्या दाराने माझ्या खोलीत आली. डोळे सुजले होते. “तू सांगितलंस?”

“मला वाटलं, त्यांना माहीत आहे,” मी म्हणाले. “तू म्हणाली होतीस ना, सांगणार म्हणून? माझ्या इंग्रजीचा घोटाळा झाला असेल.”

तिने मला जवळ घेतलं. “तुझी नाही चूक. मीच तुला असं ओझं द्यायला नको होतं.” तिच्या केसांना तळणाचा वास होता. मी तिची पाठ थोपटली.

आमचं घर मिळायला अजून तीन आठवडे होते. हॉटेलात चार पाहुणे आणि म्हातारा. दुसऱ्या सकाळी तो म्हणाला, “तुला अंडी तळता येतात ना?” इंग्रजीत अहो-अगं नसतं, पण तो मला ‘अगं’ म्हणाला हे मला समजलं. नवरा म्हणाला, “कशाला उगाच? नाही म्हण.” पण मी गेले. जन्मात कधी मांसाला हात न लावलेली मी श्वास रोखून सॉसेज परतत होते.

“टोस्ट गार आहे,” त्याने भर डायनिंग रूममध्ये सांगितलं. माझे कान तापले.

डब्लिनहून, भावाच्या घरून, तिची ईमेल आली. ‘बाबा कसे आहेत? त्यांनी माझ्याबद्दल एकदा जरी विचारलं तर कळव. मी त्याच दिवशी गाडी काढून येईन. नाहीतर मी आले तर दार उघडणार नाहीत, मला माहीत आहे.’

त्यानंतर चार दिवसांनी मी भांडी पुसत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. 

“तिने लिहिलं का तुला? विचारलं माझं काही?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण ती आली असती, दोघं बोलली असती, आणि ती बातमी मी कशी हसत हसत सांगितली ते त्याने तिला सांगितलं असतं.

“नाही,” मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. तिला मी लिहिलं: ‘अजून तरी नाही गं.’ तीन वेळा तिने विचारलं, तीन वेळा मी तेच लिहिलं. मग आम्ही नव्या घरी गेलो, आणि ती ठरल्याप्रमाणे कॅनडाला गेली. ऑपरेशनसाठी म्हाताऱ्याने हॉटेल बंद केलं ते पुन्हा उघडलंच नाही.

२०१२ मध्ये तो गेला. अंत्यदर्शनाला मी गेले. ती विमानातून थेट आली होती, अंगावरचा कोट चुरगळलेला. शवपेटीत बापाच्या हाताखाली तिने त्याच्या नातीने काढलेलं चित्र ठेवलं होतं. मला पाहून तिने मिठी मारली आणि बाजूला नेलं.

“एकच सांग. त्यांनी कधीच नाही विचारलं माझ्याबद्दल?”

तिला काहीतरी द्यावं असं मला मनापासून वाटलं. “विचारलं होतं,” मी म्हणाले. “एकदा. तू कॅनडाला गेल्यावर.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, ती ग्रँड आहे. तुमची रोज आठवण काढते.”

तिचा चेहरा उजळला, आणि लगेच बदलला. “मग मला का नाही कळवलंस?”

मला दुसरं काही सुचलं नाही. “त्यांनीच नको म्हणून सांगितलं.”

“म्हणजे त्याला माहीत होतं,” ती हळू म्हणाली. “मी आठवण काढते हे माहीत होतं. आणि तरी एक फोन केला नाही त्याने.”

ती शवपेटीपाशी गेली. लोक रोझरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणत होते. तिने वाकून बापाच्या हाताखालून चित्र ओढून काढलं, घडी करून कोटाच्या खिशात घातलं आणि कुणाशी न बोलता बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दफनाला ती आली नाही. तिचा भाऊ आणि नवरा आले होते. मूठभर माती टाकायला लोक रांगेत उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे मीही उभी राहिले.