कंबरेला बांधलेला पैलवान

फौजदारीण काकू सहा महिने कंबरेला कुत्रं बांधून हिंडत होत्या. यातला एक दिवसही मी पदरचा घातलेला नाही. पदरचं पुढं येईल, तेव्हा सांगेन. झाडताना कुत्रं, भाकरी थापताना कुत्रं, परंड्याच्या बाजाराला जाताना कुत्रं. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "आजी, ह्याचं तिकीट?" तर म्हणाल्या, "अर्धं फाड. अजून शाळंत हाय त्यो."

फौजदारीण म्हणजे घरात कुणी फौजदार नव्हता. आवाज होता. काकूंनी परसात "हाड!" म्हटलं की सीना नदीपलीकडची, सोलापूर जिल्ह्यातली कुत्री शेपूट घालत. माझी पिठाची गिरणी त्यांच्या भिंतीला लागून. पट्टा फिरत असतानाही मला काकू स्पष्ट ऐकू येत, गिरणी येत नसे.

नवरा गेल्यावर आणि लेक उमरग्याला नांदायला गेल्यावर परसातल्या वीस-बावीस कोंबड्या हाच काकूंचा गोतावळा. एका उन्हाळ्यात मुंगसानं आणि गावकुत्र्यांनी निम्म्या नेल्या. तेव्हा काकूंनी उकिरड्यावरून एक पिल्लू उचलून आणलं. इतकं हडकुळं की उन्हात सावली पडत नव्हती. नाव ठेवलं पैलवान. पैलवानानं दुसऱ्याच दिवशी एक कोंबडी तोंडात धरली.

"काकू, ह्याच्यापेक्षा मुंगूस परवडलं," मी म्हणालो.

"लेकरू हाय. शिकंल." म्हणत काकूंनी त्याला दोरीनं आपल्या कंबरेला बांधलं.

मारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. "मारलं तर कुत्रं काठीला भितं, बाळू. अबोला धरला तर माणसाला धरून ऱ्हातं." पैलवान चुकला की कंबरेची दोरी तशीच राही, पण काकू पाठ फिरवून गप्प बसत. तो अबोला त्याला सोसत नसे आणि मलाही. सगळ्या गल्लीला दडे बसल्यासारखं वाटे. आधी कोंबड्यांना दाणे, त्यांची पोटं भरली की मग त्याला भाकरी. पण खरी शिकवणी ठिपक्यांच्या एका कोंबडीकडं होती. ती पिल्लं पंखाखाली घेऊन बसलेली असताना काकूंनी पैलवानाला तिच्यापुढं नेलं. तिनं त्याच्या नाकावर अशी चोच मारली की तो भिंतीवरून उडून माझ्या ज्वारीच्या पोत्यात पडला. (हे पदरचं.) तेव्हापासून तिचं नाव मास्तरीण.

पैलवान नावाला शोभेसा दांडगा झाल्यावर शेवटचा धडा, चोर धरण्याचा. चोर मी. हाताला पोतं गुंडाळायचं, कोंबडी उचलायची, ती ओरडली की पैलवानानं येऊन माझं मनगट धरायचं. चावायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. मग "धरला गं बाई चोर!" असं ओरडत काकू त्याची पाठ थोपटायच्या. महिनाभर मी रोज असा पकडला गेलो. त्यानंतर दोरी सुटली आणि चार वर्षांत एक कोंबडी गेली नाही. दुपारी कोंबड्या पैलवानाच्या पोटाला टेकून डुलक्या काढायच्या.

आखाडात लेक-जावई आले. काकूंनी कोंबडा उचलला, कोंबडा ओरडला, पैलवान धावत आला आणि त्यानं काकूंचंच मनगट धरलं.

"आरं मुडद्या, म्या हाय की!"

तो डोळे वर करून बघत राहिला, कण्हत राहिला, पण सोडेना. मी मध्ये पडलो तर जुन्या ओळखीनं माझं धरलं. शेवटी जावयानं भर आखाडात पिठलं खाल्लं. गावाला ती गोष्ट वर्षभर पुरली; सांगता सांगता मी पिठलं खाणारे जावई तीनपर्यंत नेले.

मग कोंबड्यांना लस द्यायला जनावरांच्या दवाखान्यातला माणूस आला. पहिली कोंबडी ओरडली आणि त्याचं मनगट पैलवानाच्या तोंडात.

"काकू, घटकाभर बांधा त्याला," मी म्हणालो.

काकूंनी दोरी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. "इमानानं काम करतोय त्यो. कशापायी बांधू? पुढल्या खेपंला बघू."

तो माणूस लस न देताच हसत गेला. आम्हीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

पुढल्या खेपेच्या आधी मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग. मान वाकडी होते, कोंबडी गरगर फिरते आणि पडते. सकाळी चार, दुपारी पाच. पैलवान वेडापिसा झाला. रस्त्यावर भुंकला, लिंबाच्या झाडावर भुंकला, गिरणीत येऊन माझ्यावर भुंकला. त्याच्या माहितीतला चोर मीच. मी त्याला दोन्ही रिकामे हात दाखवले. आणखी काय दाखवणार? काकू मेलेली कोंबडी पुरायला उचलत, तर तो मनगट धरी. काकू तशाच उभ्या राहत. एवढ्या आवाजाची बाई, पण भिंतीपलीकडून मला जेमतेम ऐकू आलं, "ह्यो चोर म्या तुला दाखवलाच न्हाय रं."

एकटी मास्तरीण वाचली. काकूंचं बोलणं बंद झालं. पैलवानानं तो अबोला आपल्यावरच घेतला आणि भाकरीला तोंड लावेना. चौथ्या दिवशी काकू गिरणीच्या दारात उभ्या.

"बाळू, पोतं गुंडाळ हाताला."

मी गेलो. मास्तरणीला उचललं. ती ओरडली. पैलवानानं नुसता कान हलवला. मी तिला पुन्हा ओरडायला लावलं. तेव्हा तो उठला, झोकांड्या खात आला आणि माझं मनगट धरलं. दातांत जोर नव्हता. पोतं नसतं तरी चाललं असतं.

"धरला गं बाई चोर!" काकू ओरडल्या, पार सीनेपलीकडं ऐकू जाईल अशा, आणि त्याच्या पाठीवर थापट्या मारता मारता खालीच बसल्या. पैलवानानं माझा हात सोडला. मी तो बराच वेळ मागं घेतला नाही.

दिवाळीनंतर लेक त्यांना उमरग्याला घेऊन गेली. काकूंच्या कंबरेला दोरी, दोरीला पैलवान, पिशवीतून मान बाहेर काढलेली मास्तरीण. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं, तर काकू काहीच बोलल्या नाहीत. लेकीनं तिकीट काढलं.

ते पोतं गिरणीत खुंटीला आहे. पीठ भरायला कुणी मागितलं, तर मी देत नाही.