जन्मसालाचे पहिले दोन आकडे

सातिवलीच्या ज्या कारखान्यात मी बारा वर्षं काढली, तिथे औषधांच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनत. कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघीच होतो, मी आणि माहिती भरणारी एक ऑपरेटर. बाकीच्यांच्या लेखी आम्ही काचेच्या खोलीत एसीत बसणाऱ्या बायका. आमच्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, आणि त्याचाही काहींना राग होता.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी झाली आणि परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. दोन हजार साल लागेल तेव्हा तुमची यंत्रं आणि कॉम्प्युटर अडणार नाहीत याची लेखी खात्री द्या, तपासणी कशी केली त्याचे कागद ठेवा, आमचा माणूस येऊन बघेल. नाहीतर पुढची ऑर्डर विसरा, असा एकूण सूर. जनरल मॅनेजरांनी मला बोलावून पत्र हातात दिलं. "हे वाय टू के तुमच्याकडे. आजपासून तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर." पद मिळालं, माणूस एकही मिळाला नाही.

अडचण तशी साधी होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव म्हणजे नुसतं अठ्ठ्याण्णव. दोन हजार आलं की तिथे दोन शून्यं पडणार, आणि कॉम्प्युटर ते एकोणीसशे धरणार की काय धरणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी वही घेऊन कारखानाभर हिंडले आणि घड्याळ असलेली प्रत्येक वस्तू लिहून काढली. टेलिफोनचं बोर्ड, फॅक्स, मोल्डिंग मशीन, गेटवरचं हजेरीचं यंत्र. मग ज्यांनी ती विकली त्यांना पत्रं टाकली. उत्तरं सगळी एकाच वळणाची, 'आमच्या माहितीप्रमाणे अडचण येऊ नये.' अशी दहा-बारा पत्रं वाचल्यावर माझा कोणाच्याच शब्दावर विश्वास उरला नाही. जे तपासता येईल ते स्वतः तपासायचं, असं ठरवलं.

शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी असे. एका शुक्रवारी दुपारी मी आणि ऑपरेटर मुद्दाम आलो, सगळ्या माहितीची नक्कल केली, एका कॉम्प्युटरचं घड्याळ जानेवारी दोन हजारवर नेलं आणि पगाराचा प्रोग्रॅम चालवला. प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. अठरा वर्षांखालच्या कोणाला कामावर ठेवायचं नाही म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये एक चाळणी होती. चालू सालातून जन्मसाल वजा करायचं, उत्तर अठरापेक्षा कमी आलं की नाव वेगळं काढायचं. शून्यातून सेहेचाळीस वजा केल्यावर जे यायचं तेच आलं. कारखान्यातली झाडून सगळी माणसं, निवृत्तीला टेकलेला वॉचमनसुद्धा, अल्पवयीनांच्या यादीत. आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझ्या त्या वर्षातलं ते शेवटचं मोकळं हसणं.

उपाय एकच, जन्मसाल चार आकडी करायचं. गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीत लिहिलं होतं की माहितीत बदल करण्याआधी ज्याची माहिती त्याला ती दाखवा. म्हणून मी एक छोटी चिठ्ठी तयार केली. तुमचं जन्मसाल आमच्याकडे अमुक आहे, ते आता एकोणीस लावून लिहिणार आहोत, बरोबर असल्यास सही करा. मजकूर पर्सोनेल मॅनेजरकडे टाइप करायला दिला, टाइप होऊन आला, मी सही केली, आणि चिठ्ठ्या विभागाविभागांत गेल्या.

आठवडाभरात गठ्ठा परत आला तो कोराच. एकाचीही सही नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत युनियनचे सेक्रेटरी आले. ते टूलरूममध्ये फिटर होते, कमी बोलणारे. खोलीत आलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्या कॉम्प्युटरला पुढचे दोन आकडे पाहिजेत, बरोबर?"

"हो."

"मग लावा ना एकोणीस. आमच्यातला कोणी अठराशे सालात जन्मलाय का?"

"नाही, पण तुम्हाला दाखवून करावं म्हणून..."

"दाखवायला पुरावा कशाला लागतो?"

"कसला पुरावा?"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. माझ्या मजकुराखाली एक ओळ होती. 'सोबत जन्मतारखेचा पुरावा जोडावा.' त्याखाली माझी सही. ती ओळ मी लिहिली नव्हती. पण टाइप होऊन आलेला कागद मी पुन्हा वाचलाही नव्हता, आणि हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. मी सांगितलं तरीही. ते म्हणाले, "असं का," आणि निघून गेले. त्यांनी त्यातलं अक्षरही खरं मानलं नाही, हे त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

त्यांचंही बरोबर होतं. आमच्या गल्लीतले दोन कारखाने त्या वर्षभरात बंद झाले होते. वयस्क माणसांना आधी काढतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आमच्याकडच्या जन्मतारखा कशा लागल्या होत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीच्या काळात भरती करणारा कारकून माणसाकडे बघून साल लिहायचा आणि पुढे एक जून टाकायचा. निम्म्या कारखान्याचा वाढदिवस एक जूनला.

मी पर्सोनेल मॅनेजरकडे गेले. "ती पुराव्याची ओळ कोणी घातली?"

"मी," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही विचारतच होतात, तर हातासरशी रेकॉर्डही स्वच्छ होऊन जाईल म्हटलं."

"मला विचारायला हवं होतं. सही माझी आहे."

"अहो, सही करताना वाचायचं असतं." आणि हसले. त्या हसण्यानंतर मी त्यांच्याकडून आलेला प्रत्येक कागद दोनदा वाचू लागले.

त्यानंतर कॅन्टीनमध्ये मी बसले की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं. माझ्यासमोर भाजीची, पोरांच्या परीक्षांची चर्चा, मी उठले की पुन्हा हळू आवाजात सुरू. विरारला घरी परत जातानाही मनात तेच. मला पुढे करून कोणी काही साधतंय का? आणि ते बाहेर येईल तेव्हा नाव कोणाचं येईल?

एका सकाळी पॅकिंगमधल्या मावशी आमच्या खोलीशी आल्या. पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या. पाचूबंदरच्या मच्छीमार ख्रिस्ती घरातल्या, सासरे आणि नवरा दोघंही बोटीवर मासेमारी करणारे, या मात्र तरुणपणीच कारखान्यात लागलेल्या. चपला काढून आत आल्या, ऑपरेटर बाहेर जाईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभ्या राहिल्या. मग पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. चर्चमधून आणलेला बाप्तिस्म्याचा दाखला.

"माझं साल काय हाय तुमच्या मशीनमध्ये?"

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की यांना कोणी पाठवलंय? मी कोणाची माहिती कोणाला देते, हे युनियन बघतेय का? की मी दाखले दाबून ठेवते असं सिद्ध करायला पर्सोनेल मॅनेजरनी पाठवलंय? पंचवीस-तीस वर्षं झाकणं मोजून हाताची बोटं वाकलेली ती बाई समोर उभी, आणि मी तिच्याकडे गुप्त पोलिसासारखी बघत होते.

शेवटी स्क्रीनवर बघून सांगितलं, "सेहेचाळीस."

त्यांनी दाखला माझ्यासमोर धरला, हातात दिला नाही. त्यावर बेचाळीस होतं. म्हणजे तो कागद कोणाच्या हाती पडला, तर मावशी निवृत्तीचं अठ्ठावन्नावं वर्ष गाठून दोन हजार सालीच घरी. नाहीतर पुढे चार वर्षं.

"ह्यो द्यायाचा का नाय?"

"मी मागितलेला नाही, मावशी. ती ओळ माझी नव्हती."

"सही तुमची हाय."

"हो."

त्यांनी दाखला घडी करून पुन्हा प्लास्टिकमध्ये घातला. "तुम्ही पायलात. आता तुमाला म्हाईत." एवढं बोलून गेल्या. ही विनंती होती की ताकीद, हे मला त्या दिवशीही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रिंटिंगचं रजिस्टर चाळताना ऑपरेटरच्या अक्षरात एक नोंद दिसली. 'जन्मसाल यादी, वयानुसार, पन्नासच्या वर, एक प्रत.' मी अशी यादी काढायला सांगितली नव्हती. सहा वर्षं आम्ही दोघी एका डब्यातून जेवत होतो. मी विचारलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"पर्सोनेलच्या साहेबांनी मागितली. मॅडमना माहीत आहे म्हणाले."

"मला विचारलं का नाहीस?"

"माहीत आहे म्हणाले ना."

ती खरं बोलत होती. पण त्या दिवसापासून मी फ्लॉपींच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये ठेवू लागले. तिला ते दिसलं. आम्ही जेवत राहिलो, पण आपापल्या डब्यातून.

आता मात्र मला काहीतरी करणं भाग होतं. ते मी कामगारांच्या कळवळ्याने केलं, असं म्हणायला आवडेल. पण खरं कारण भीती होती. उद्या लोक घरी गेले असते तर वाय टू केच्या बाईने काढले, असंच सगळ्या सातिवलीत बोललं गेलं असतं. मी परदेशी प्रश्नावली पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि तपासणीच्या पद्धतीत तीन वाक्यं घातली. या कामात फक्त सालाची लिहिण्याची पद्धत बदलेल, कोणाचीही मूळ माहिती बदलणार नाही. बदलाआधीची आणि नंतरची यादी शेजारी शेजारी छापली जाईल. प्रत्येक पानावर युनियन आणि पर्सोनेल, दोघांच्या सह्या होतील. पद्धतीवर जनरल मॅनेजरांची मंजुरी घेतली. त्यांनी ती न वाचता दिली. मीही 'वाचा' म्हटलं नाही.

याद्या छापून टेबलावर आल्या तेव्हा पर्सोनेल मॅनेजरांच्या लक्षात आलं. जुन्या जन्मसालांखाली सही केली, तर तीच बरोबर आहेत असं कंपनीने लेखी मान्य केल्यासारखं होतं.

"पुराव्याशिवाय मी सही करू शकत नाही," ते म्हणाले.

"ठीक आहे. मग तपासणी अपुरी राहिली असं मला लिहावं लागेल. त्यांचा माणूस सोमवारी येतोय."

"तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"तुमची ओळ मुद्दाम नव्हती?"

ते उठून जनरल मॅनेजरांकडे गेले. आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी आले, पेन उघडलं आणि एकेका पानावर सही करू लागले. युनियनचे सेक्रेटरी समोर बसले होते. त्यांनी सही करण्याआधी प्रत्येक नाव स्वतःच्या वहीतल्या नावाशी पडताळलं. संध्याकाळचा भोंगा झाला तरी ते संपलं नव्हतं. मी मदत करू का म्हटल्यावर म्हणाले, "नको, तुम्ही राहू द्या."

परदेशी माणूस आला, दोन तास बसला, फाइल बघून खूश झाला. आमचं सर्टिफिकेट गिऱ्हाइकाकडे गेलं. दोन हजार सालचा पहिला दिवस शनिवारचा, म्हणजे आमचा कामाचा. सकाळी गेटवर मी स्वतः उभी राहिले. कार्डं नीट उमटली, मशीन चालू झाली, पगाराच्या प्रोग्रॅमने सगळ्यांना सज्ञान ठरवलं. काहीही अडलं नाही. दुपारी जनरल मॅनेजर खोलीत डोकावले. "काहीच झालं नाही की," ते म्हणाले. "मग वर्षभर तुम्ही नक्की काय करत होता?" ते गमतीने म्हणाले असतील. पण नंतर कोणत्याही कामाला माणूस मागितला की मला त्या वाक्याची आठवण करून देत.

ती वयानुसार यादी कुठे गेली, ते कधीच कळलं नाही. पर्सोनेल मॅनेजर वर्षभरात दुसरीकडे गेले. जाताना माझ्याशी हात मिळवला आणि "वाचून सही करत जा," म्हणाले. ऑपरेटरने लग्नानंतर नोकरी सोडली. कुलुपाबद्दल मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

मावशी रेकॉर्डप्रमाणे दोन हजार चारला निवृत्त झाल्या. कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. अबोली माळलेली, ठेवणीतलं लुगडं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, "तवा तुम्ही कोनाला बोललात?"

"कोणालाच नाही, मावशी."

"नवऱ्याला?"

"त्यांना सांगितलं होतं."

"मला वाटलाच होता," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, उलट इतक्या वर्षांनी एकदाची खात्री झाल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला. मग पुढे जाऊन त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसल्या.