मीठ चाखायचा गुरुवार

कोपऱ्यावरच्या खानावळीत लता शेजारच्या मळ्यातली, सकाळीच खुडलेली मेथी रांधते. गुरुवारी तिचा कडक उपास, म्हणून भाजीचं मीठ चाखायचं काम माझं. मी शिकलो दुसरीपर्यंतच, पण माझ्या जिभेला गावात तोड नव्हती.

गेल्या गुरुवारी मी चाखून "झकास" म्हणालो. पहिल्याच गिऱ्हाइकाने ताट बाजूला सारलं. "मावशी, मिठागर ओतलंत की काय?"

त्याचंच तोंड आलंय, म्हणालो मी.

आज पुन्हा गुरुवार. मेथी कोवळी आहे हे बोटांना कळतं, जिभेला काहीच कळत नाही. माणूस असाच थोडा थोडा आधी निघून जात असावा.

"नाना, बसा जेवायला," लता म्हणाली. तिच्या ओठाला मेथीचं पान चिकटलं होतं. तिने उपास मोडला, पण मीठ चाखायला मला विचारलं नाही.