जुलैची शर्यत एप्रिलात

माणसं बायकोवर चिडतात, सरकारवर चिडतात, आमटीत मीठ कमी पडलं म्हणूनही चिडतात. पण ज्यांच्याशी आपलं काडीचं सोयरसुतक नाही अशा गोऱ्यांच्या एका मोटारशर्यतीवरून बारा महिने संतापलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरात निघाला. आमच्या ह्यांचे आतेभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी नि ह्यांना दादा. दुबईत रास अल खोर भागातल्या वर्कशॉपना स्पेअर पार्ट पुरवणाऱ्या एका कंपनीत ते होते, लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, आणि तिथल्याच देऱ्याच्या वस्तीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. म्हणजे झोपायला तिकडे, जेवायला आमच्याकडे. शुक्रवारी सुट्टीला जमलेली बाकीची मराठी मंडळी पुण्यातल्या फ्लॅटचे भाव बोलत. भाऊजी ब्रिटिश ग्रां प्रीचा, म्हणजे त्या मोटारशर्यतीचा, इतिहास सांगत.

सांगत म्हणजे भांडत. इंग्लंडात साध्या रस्त्यावर शर्यत लावायला कायद्याची मनाई, म्हणून सव्वीस साली ती पहिल्यांदा झाली ती खास बांधलेल्या सिमेंटच्या रिंगणात. मग युद्ध आलं, आणि युद्धानंतर विमानांच्या ओसाड पडलेल्या धावपट्टीवर तेलाची पिंपं नि गवताच्या पेंढ्या रचून वळणं आखली गेली. पन्नास साली खुद्द राजा-राणी बघायला आले. इथवर भाऊजींचा स्वर प्रसन्न असे. पंचावन्न साल आलं की तो चढायचा, कारण त्या वर्षी शर्यत उचलून घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेली. "म्हणजे उद्या देवळात म्हशी बांधा," असं म्हणून ते समोरच्याकडे असं बघत, की हा निर्णय त्यानेच सही करून पाठवला असावा. हे घडलं तेव्हा भाऊजी साताऱ्यात पाळण्यात होते, पण चाळीस वर्षांनंतरही त्यांचा राग सकाळच्या दुधासारखा ताजा नि उतू जाणारा होता. आमच्या सत्यनारायणाला एकदा गुरुजींनी पाचवा अध्याय संपवला, नि भाऊजींनी प्रसादाच्या आधीच आपला सहावा सुरू केला. शिऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या पाहुण्यांना घोड्यांच्या मैदानापर्यंत नेऊन आणल्यावरच द्रोण हलले.

फक्त सत्तावन्न सालची गोष्ट ते हळू आवाजात सांगत. त्याच घोड्यांच्या मैदानावर एका गड्याची गाडी मधेच रुसली. त्याचा सोबती आधीच्या दुखापतीने बेजार, पण त्याची गाडी ठणठणीत. तो उतरला, गाडी मित्राच्या हवाली केली, आणि मित्राने ती जिंकून आणली. "ह्याला शर्यत म्हणतात, वहिनी," भाऊजी म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायला विसरायचे.

मी त्या काळात फार हुशार होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यात दुबईला आलेली, त्यात बाल्कनीत कपडे वाळत घालतानाही गॉगल लावणारी. त्यामुळे चारचौघांत मी त्यांना सुधारलं: "भाऊजी, ग्रां प्री काय, ग्रँड प्रिक्स म्हणा." ते पांढरे पडले. शेवटचा एक्स खायचा असतो म्हणाले. मग लिहितात कशाला, वाया नाही का जात, असं मी विचारलं. त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही. पुढे एकदा मी आणखी अक्कल पाजळली, की गोल गोल फिरून शेवटी निघालो तिथेच यायचं, तर जायचं कशाला? ह्या वेळी मात्र ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, देवळात प्रदक्षिणा घालता तेव्हा कुठे पोचायचं असतं तुम्हाला?" माझी लेक तेवढ्यात पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "काका, इट्स ओन्ली अ रेस." त्यावर ताक तर राहूच दे, भाऊजी दोन शुक्रवार जेवायला फिरकले नाहीत.

शर्यत रविवारी, आणि दुबईत रविवार कामाचा. त्यामुळे दर जुलैत एका रविवारी दुपारनंतर भाऊजींच्या पोटात दुखायचं आणि आमच्या टीव्हीसमोर बसल्यावर थांबायचं. त्यांचा अरबाब, म्हणजे मालक, वयस्कर अरब होता आणि पक्का बिलंदर. सोमवारी सकाळी तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "हबीबी, पेट कैसा है? कौन जीता?"

भाऊजी इतक्या वेगाचे भक्त, पण स्वतः गाडी चालवायचे ती वरातीच्या घोड्यासारखी. शारजाच्या रस्त्यावर मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि हे आरशात बघत संतापणार: "वेगाला जागा असते. रस्ता ही काय ती जागा आहे?" मला गाडी शिकवायचं कामही त्यांनीच घेतलं. शुक्रवारी गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात मी क्लच सोडायची, गाडी बेडकासारखी उडायची, आणि भाऊजी डोळे मिटून इंजिनाची क्षमा मागायचे. डोळे न उघडताच ते सांगायचे, आता दुसरा गिअर हवाय तिला, ती रडतेय, ऐका.

हे वेड आलं कुठून? साताऱ्यात त्यांच्या शेजारी एक गॅरेज होतं. तिथल्या भिंतीवर विलायती मासिकातून फाडलेलं एक चित्र चिकटवलेलं होतं: पेंढ्या, पिंपं, आणि मधून चाललेली गाडी. भाऊजी शाळेतून येता-जाता तिथे उभे राहायचे. "चित्र होतं, वहिनी, आवाज नव्हता," त्यांनी मला एकदाच सांगितलं. टीव्हीचा आवाज त्यांना चालेना. शर्यत केव्हाच घोड्यांच्या मैदानावरून त्या जुन्या धावपट्टीवर परतली होती; तिथे एकदा उभं राहायचं आणि गाडी जाताना बघायची, ऐकायची, एवढीच त्यांची ह्या जन्माकडे मागणी होती. दोन हजार साली योग आला. माझी बहीण इंग्लंडात लेस्टरला राहायची. भाऊजी, हे आणि मी असे तिघे जायचं ठरलं. रजा मिळाली, व्हिसा मिळाला, आणि बातमी आली की यंदा शर्यत जुलैत नाही, एप्रिलात.

भाऊजी जे पेटले ते पेटले. एप्रिलात इंग्लंडात पाऊस असतो हे साताऱ्याच्या माणसाला कळतं, त्यांना कळू नये? कुणी काढला हा मुहूर्त? पंचांग बघितलं का कुणी? रजेची तारीख बदलून घेताना अरबाब म्हणाला, इन्शाल्ला, धूप निकलेगा. तर भाऊजी त्याच्यावरही चिडले.

आणि खरंच, मैदानाभोवतीची शेतं चिखलाने भरली. शर्यतीची तिकिटं दोनच, भाऊजींचं नि ह्यांचं; ह्यांना सर्दीताप भरला, म्हणून ह्यांचं तिकीट माझ्याकडे आलं. मी काय केलं असेल? राजा-राणी येतात हे इतकी वर्षं ऐकत आलेली मी मोरपिशी रेशमी साडी नेसले आणि उंच टाचांचे सँडल घातले. भाऊजी बघतच राहिले. "राणी पन्नास साली आली होती, वहिनी. दर वर्षी येते असं मी कधी म्हणालो?" मेहुण्यांनी आम्हाला रस्त्याच्या कडेला सोडलं आणि स्वतःची गाडी रुतायच्या आत पळ काढला. शेतात लोकांच्या गाड्या म्हशींसारख्या डुंबत होत्या. फाटक दिसत होतं, त्यापलीकडे माणसांची गर्दी दिसत होती, आणि तेवढ्यात माझी टाच चिखलात गेली ती आलीच नाही. पाय मुरगळला. मी साडीसकट बसले.

चिखलावर टाकायला आणलेल्या गवताच्या पेंढ्या तिथे पडल्या होत्या. एकीवर भाऊजींनी मला बसवलं आणि प्रथमोपचारवाल्यांना हाका मारल्या, पण तेही कुठेतरी रुतलेले. पलीकडे इंजिनं सुरू झाली. मी म्हटलं, "तुम्ही जा, भाऊजी. मी काही पळून जात नाही."

"आणि दादाला काय सांगू? वहिनीला चिखलात ठेवून शर्यत बघितली?" असं वस्सकन म्हणून ते माझ्या शेजारच्या पेंढीवर बसले.

मग शर्यत सुरू झाली. दिसत काहीच नव्हतं, फक्त कुंपण आणि त्यावरचं ढगाळ आभाळ. आवाज मात्र आधी पेंढीतून अंगात यायचा आणि मग कानात. भाऊजींनी डोळे मिटले. हा वळणावर आला, ह्याने गिअर टाकला, हा चुकला, असं ते पुटपुटत राहिले. शर्यत संपेपर्यंत एका शब्दाने चिडले नाहीत. एवढा वेळ न चिडलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

परतल्यावर दोन वर्षं देऱ्यात दुसरा विषय नव्हता. शर्यत दिसली का, असं कुणी विचारलं की भाऊजी एप्रिलवर घसरायचे: मुहूर्त चुकला, पाऊस आला, चिखल झाला, खलास. अरबाबला तेच, गुरुजींना तेच, माझ्या ह्यांनाही तेच. सगळा दोष महिन्याचा. उंच टाचांचा उल्लेख त्यांनी कुणापुढेही केला नाही, आणि मला कळायला मेलं फार उशीर लागला की एवढा मोठा आरडाओरडा नक्की कशावर पांघरूण घालायला होता.

आता आम्ही सगळे इकडे महाराष्ट्रात परत आलोय. भाऊजी साताऱ्याला असतात, कानांनी जवळजवळ रजा घेतली आहे. परवा जुलैतल्या एका रविवारी मी नातवाला घेऊन गेले तर टीव्हीवर गाड्या धावत होत्या आणि खोलीत चिडीचूप. कानाचं यंत्र शेजारी टेबलावर काढून ठेवलेलं. मी रिमोट उचलून खुणेने विचारलं, आवाज लावू का?

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "नको, वहिनी. आवाज आहे माझ्याकडे."