कपाटातलं इंटरनेट

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरच्या चौकात 'गांव-गांव इंटरनेट' असा भला मोठा फलक लागला, आणि त्याच दिवशी सविताचा फोन बोलता बोलता चार वेळा तुटला. मला असल्या योगायोगांचा राग येतो.

सविता ही माझ्याकडे वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या गेंदाबाईंची मुलगी. माझ्या जेवणाच्या टेबलावर इंग्रजी शिकली आणि लग्न होऊन बैरसियाच्या पुढच्या गावात गेली. आता तिला मुलांना ऑनलाइन शिकवायची नोकरी मिळत होती. फक्त एक नमुना तास घेऊन दाखवायचा होता. पहिला नेटवर्कने खाल्ला. दुसरी आणि शेवटची संधी शुक्रवारी दुपारी दोनला.

"पंचायत भवनात फायबर आलंय आंटी, पण..." फोन तुटला. त्या 'पण'साठी मी शुक्रवारी सकाळी गाडी काढली.

जाणाऱ्यांनी पेट्रोल आणि बाथरूम दोन्ही भोपाळातच उरकावं. बैरसियापर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे नुसती गिट्टी. स्टँडजवळ पोहे-जलेबी स्वस्त आणि उत्तम. शेव नको म्हटलं तरी घालतात, घालू द्या. दोन्ही बाजूंना गहू-हरभरा इतका हिरवागार की माझ्यासारखीचाही पारा उतरावा.

गावात पोचल्यावर परत चढला. फायबर खरंच होतं. केबल भिंतीतून पंचायतीत शिरली होती आणि तिथून थेट एका लोखंडी कपाटात. महागाची वस्तू, म्हणून कुलूपबंद.

"किल्ली?"

"सरपंच-पतींकडे," सविता म्हणाली. सरपंच रामकली आहेत, कारभार त्यांचा नवरा बघतो. तो भोपाळला गेला होता. सरपंच-पती हे पद घटनेच्या कोणत्या कलमात आहे, कुणाला सापडलं तर कळवा.

रामकलीबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. "उनसे पूछना पड़ेगा," म्हणाल्या. नवऱ्याचा फोन लागेना.

"मतं तुमच्या नावावर मागितली की त्यांच्या?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "बहनजी, तुमच्या घराची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. हे गेले, तेव्हापासून."

"मग तुम्हाला सोपं आहे."

मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर भाजी निवडू लागले. माझ्या ओळखीच्यांनी याची नोंद घ्यावी.

मग सविता बोलली. "काकी, आजचा तास गेला तर सासूबाई दुसरी म्हैस आणून माझ्या गळ्यात बांधणार आहेत. मग माझं शिकणं-शिकवणं कायमचं संपलं."

रामकलीबाईंनी हात धुतले, पदर सारखा केला आणि घरातून लोखंडी बत्ता घेऊन निघाल्या. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी विचारलं, "कहां चलीं सरपंचन?" त्यांनी चाल कमी केली नाही. कुलूप काही घावांत तुटलं. आत राउटर, सतरंज्या, झेंडा आणि त्यांच्याच नावाचा शिक्का. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि पदराच्या टोकाला बांधला. सविताने बटण दाबलं. राउटरचे दिवे लागले.

मी व्हरांड्यात बसून ऐकत होते. सविता पोळीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवत होती आणि पलीकडून कुठल्याशा शहरातलं पोरगं विचारत होतं, "मैडम, बची हुई रोटी कौन खाएगा?" एकदाही आवाज तुटला नाही. चौथ्या दिवशी नोकरी पक्की झाल्याचं कळलं.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी स्वतःवर फार खूश होते. कुणाला काय सुनावलं, ते मनात घोळवत दिवेलागणीला घरी पोचले. माझ्या किल्लीने दार उघडलं, चहा टाकला, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की रामकलीबाईंचा नवराही आता घरी पोचत असेल. तुटलेल्या कुलपाचं त्याला मी नव्हे, रामकलीबाईच सांगणार होत्या. आणि त्यानंतर त्यालाच ताट वाढणार होत्या.