अमावास्येच्या भरतीआधीचं बिल्ड

प्राप्ती म्हात्रे अलिबागच्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या खारबांधातली पाण्याची दारं, म्हणजे उघाड्या, त्यांवर ही कंपनी यंत्रं बसवायची. भरती ठरल्या खुणेवर चढली की भोंगा वाजायचा. यंत्रांत जाणारं सॉफ्टवेअर बांधणं प्राप्तीकडे होतं. घरची भातशेती बांधाला लागूनच; खारं पाणी आत शिरलं की काय होतं, ते तिनं लहानपणीच पाहिलं होतं.

अमावास्येच्या सकाळी दहा वाजता तिला चूक सापडली. सॉफ्टवेअरचे दोन भाग होते: पाणी मोजायचं पॅकेज वेगळं, भोंग्याचं वेगळं. पण दोन्हींत ‘सेटिंग्ज’ नावाची फाइल होती आणि दोन्हींचं बिल्ड, म्हणजे बांधून तयार झालेल्या फाइली, एकाच फोल्डरमध्ये पडत होतं. पहिल्याची फाइल तयार झाली की दुसऱ्याच्या पाळीला बांधणी करणारा प्रोग्रॅम, मेक, म्हणायचा, फाइल ताजी आहे, आणि पुढं जायचा. परवाच्या अपडेटपासून अकरा भोंगे भलतीच मापं घेऊन बसले होते. भरती साडेबाराची.

तिनं आधी वडिलांना, रामचंद्रांना, फोन लावला.

“बाबा, आज भोंग्यावर विसंबू नका. उघाडीवर जाऊन बसा.”

“का गो, बिघडलाय?”

“माझ्याच हातनं चुकलंय.”

मग साहेबांना, विपुलना, तेच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “बाकीच्या गावांना मी कळवतो. तू दुरुस्त कर.”

मेकचे नियम लिहिलेल्या मेकफाइलमध्ये तिनं बिल्डच्या पत्त्याला पॅकेजचं नाव जोडलं, म्हणजे ज्याचा त्याचा फोल्डर. मेक अडला: असा फोल्डरच नाही. तो आधी बनवायचा नियम घातला. जुनं सगळं पुसलं, नव्यानं बांधलं. एक अक्षर दोनदा चुकलं. दोन फोल्डर, दोन सेटिंग्ज. टेबलावरचा चाचणीचा भोंगा खुणेवर बरोबर वाजला.

बाराला दहा मिनिटं कमी असताना तिनं अपडेट पाठवलं. दहा यंत्रांची पोच आली. अकरावं, तिच्याच गावचं, मुकं.

बाबांचा फोन लागेना. पावणेएकला त्यांचाच आला.

“न्हाय वाजला गो. मी आन् शेजारच्या धर्माजीनं उघाडीत फळ्या टाकल्या हातानं. थोडं पाणी आलं, कोपऱ्यातल्या खाचरात.”

“किती?”

“घोट्याएवढं. ओहोटीला काढू बाहेर.”

तिनं फोन ठेवला. मग अशीच चूक आधीही कुठं गेली होती का ते बघायला गेल्या वर्षभरातली बिल्डं एकेक करून उघडायला लागली.