सुमनमावशीची बोटं

बातमी आली तेव्हा मी नगरला छापखान्यात पत्रकांचं प्रूफ तपासत होते. दुपारचे बारा वाजत आले होते. यंत्राच्या आवाजात काकांचा पहिला फोन मी कट केला, दुसरा घेतला. काका म्हणजे सुमनमावशीचे यजमान; ते टेम्पो चालवतात, त्यांचा आवाज मोठा. त्या दिवशी मात्र कानाला फोन दाबून धरावा लागला. "सुमन न्हाई राहिली," ते म्हणाले. "दवाखान्यात बाकावर बसली हुती. शिवत हुती. लोकांला वाटलं डुलकी लागली… तासभर कुनी हात बी लावला न्हाई." तिने प्रसूतीसाठी आणलेली बाई आत होती. बाळ झालं, नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आशाताई, मुलगी झाली," आणि आशाताईंनी मान वर केली नाही.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. काष्टीपासून आत, मळ्यातल्या वस्तीवर तिचं घर, आणि गेली कितीतरी वर्षं ती तिथली आशा सेविका. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गरोदर बाईची नोंद करायची, तिला गोळ्या द्यायच्या, तपासणीला न्यायचं, कळा सुरू झाल्या की गाडीत घालून दवाखान्यात पोचवायचं आणि मोकळी होईपर्यंत बाहेर बसायचं. शिवाय लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, पाण्याचे नमुने, कुष्ठरोगाचा सर्वे. मोबाईलमध्ये भरायचं ते वेगळं, रजिस्टरात लिहायचं ते वेगळं. एवढं करून तिच्या अंगावर सरकारी नोकर असल्याची खूण एकच, ती साडी.

या सगळ्यात मावशी शिवायची. घरी मशीन होतं, पण मशीनवर बसायला घरी असावं लागतं. त्यामुळे तिचं बहुतेक शिवण हातानं व्हायचं, बाकावर, ओट्यावर, बसस्टॉपवर. तिने वेळेची वाटणीच तशी केली होती. लसीकरणाच्या दिवशी आया जमेपर्यंत एक काजं-बटणाची ओळ, मासिक मीटिंगला साहेब येईपर्यंत एक बाही. "साहेब येळंवर आले तर माझी बाही ऱ्हाती," असं ती म्हणायची, "पर अजून तरी कदी ऱ्हायली न्हाई." रजिस्टरच्या पिशवीतच पत्र्याच्या डबीत सुया, दोरा, छोटी कात्री असे.

पण तिचं खरं शिवण प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर चाले. आमच्या भागात बाळ होण्याआधी त्याचे कपडे शिवून ठेवत नाहीत. अपशकुन समजतात. आणि बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं नको, वस्तीवरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या जुन्या लुगड्याचं हवं, म्हणजे तिचं आयुष्य बाळाला लागतं. मावशी गरोदर बाईच्या नवव्या महिन्यात अशा म्हातारीकडे जाऊन लुगड्याचा तुकडा मागून आणायची, उकळत्या पाण्यात धुवायची, कडक उन्हात वाळवायची, आणि तसाच घडी करून पिशवीत ठेवायची. कात्री लावायची ती कळा सुरू झाल्यावर, बाई आत गेली की. बाळ बाहेर येण्याच्या आत झबलं पुरं झालं पाहिजे. एकदा मी तिच्याबरोबर एका नव्वदीच्या आजीकडे गेले होते. आजी म्हणाली, "सुमे, धा पोरं हिंडत्यात माज्या लुगड्यात. आता मला काय पोत्यात घालतीस काय?" मावशी म्हणाली, "वस्तीवर अजून येक गरोदर हाय, आजी. तवर तरी नेसा."

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझे वडील चळवळीची पत्रकं लिहीत, छापत, बाजारच्या दिवशी वाटत. भिंतीला लागून गठ्ठे असत, आणि मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. अंगारा-धुपारा, शकुन-अपशकुन या शब्दांवर आमच्याकडे फुली होती. त्यामुळे मावशीचं हे झबल्याचं मला सहन होत नसे. विज्ञानाचा निरोप घरोघर नेणारी बाई, आणि म्हातारीचं आयुष्य बाळाला चिकटतं म्हणून सुई चालवते? मी हे तिला तोंडावर म्हटलं. ती दोरा दाताने तोडत होती. म्हणाली, "बयो, ती पोरगी माझं आयकून गोळ्या खाती. तिची सासू माझं आयकून गाडीत बसवती. शंभर गोष्टी त्या माझ्या आयकत्यात. मी त्यांची येक आयकली तर तुझ्या पत्रकाला काय भोक पडतंय? आन नव्या कापडाला खळ आसती. जुनं मऊ आसतं." मला पटलं होतं. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले आहे ती…

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. पहिल्याच दिवशी तिच्याबरोबर एका बाळंतिणीकडे गेले, तिथे तिने शिवलेलं एक झबलं पाहिलं. पांढऱ्या लुगड्याचं होतं. शिवणीच्या कडेने तांबूस ठिपके होते, मोहरीएवढे, टाक्याबरोबर पुढे गेलेले. मी विचारलं तर ती झबलं उजेडाकडे धरून बघत राहिली. तिलाही ते आत्ताच दिसत होते. "सुई लागली आसंल," ती म्हणाली. मग घरी माझ्यासमोर तिने दुसरं शिवण हातात घेतलं आणि मी बघितलं. सुई कापडातून आरपार जाऊन तिच्या डाव्या हाताच्या बोटात शिरत होती आणि मावशी बोलत होती, हसत होती. हात मागे घेत नव्हती. तिला कळतच नव्हतं. थेंब यायचा, कापड तो प्यायचं, सुई पुढे जायची.

त्या चार दिवसांत आणखीही काही दिसलं. तिच्या पायातून चप्पल निसटली तर पाचेक पावलं ती तशीच चालत राहायची. वस्तीवर फिरताना प्रत्येक घरी ती तांब्याभर पाणी प्यायची. "लई ऊन हाय औंदा," म्हणायची, आणि ऊन होतंच. टाचेला एक जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, तिच्यावर तिने लुगड्याचीच चिंधी गुंडाळली होती. हे सगळं मी पाहिलं. वहीत लिहून घेतलं. आणि नगरला परतल्यावर मी एक पत्रक लिहिलं.

चांगलं लिहिलं होतं. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं. आशांच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. त्यांच्या बोटांतलं रक्त कुणाला दिसत नाही. राबून राबून त्यांची कातडी बधिर झाली आहे, आणि सरकारची त्याहून. वर त्या झबल्याचा फोटो, ठिपके स्पष्ट दिसावेत म्हणून मोठा केलेला. त्या बोटाला संवेदना का नाही, हा प्रश्न मी पत्रकात तीनदा विचारला. एकदाही मावशीला विचारला नाही, डॉक्टरला तर नाहीच. मला उत्तर माहीत होतं ना… व्यवस्था.

मावशीने ते पत्रक वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "माझ्या बोटाला तू पार पुढारी करून टाकलंस." खूश झाली होती. शेजारणींना दाखवलं. जिल्हा परिषदेवर आम्ही आशांचा मोर्चा न्यायचा ठरवला तेव्हा मी तिला म्हणाले, तू यायचंच आणि बोलायचं. तिने एवढंच सांगितलं की त्या दिवशी उपकेंद्रावर तिशीच्या पुढच्या लोकांची बीपी-शुगरची तपासणी आहे, माझ्या वस्तीतली शेवटची तीन नावं राहिलीत, सिस्टर यादी मागतेय. मी म्हणाले, "मावशी, यादी जन्मभर चालणार आहे. मोर्चा एक दिवस आहे." ती आली. टेम्पोच्या मागे बसून सहा जणींना घेऊन आली, वाटेत एका परकराची नाडी ओवत. माईक हातात धरून ती चार वाक्यं बोलली, तेवढ्यात दोनदा तिने पाणी मागितलं. मी पुढे होऊन घोषणा दिली. गर्दीने घोषणा उचलली आणि मला फार बरं वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती त्या बाकावरच गेली. डॉक्टरांनी काकांना सांगितलं की हृदय बंद पडलं, आणि शुगर किती वर्षांची होती सांगता येणार नाही, कारण कुठंच नोंद नाही. बोटं आणि पाय त्यानेच बधिर झाले असणार. छातीत दुखलंही नसेल कदाचित, असं ते म्हणाले. काकांना तो दिलासा वाटला. "तिला काय कळलंच न्हाई," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मी कोपऱ्यात बसून ते वाक्य ऐकत होते, पुन्हा, पुन्हा.

दिवस उरकल्यावर तिची रजिस्टरं परत द्यायची होती. नवी आशा स्वाती, विशी-बाविशीची वाटावी अशी बारीक मुलगी, ती न्यायला येणार होती. काकांनी गठ्ठा माझ्याकडे दिला, बघ काही घरचे कागद त्यात राहिलेत का. मी पानं उलटत बसले. बीपी-शुगरच्या सर्वेची यादी सापडली. मावशीचं अक्षर तिच्या टाक्यांसारखं, सारख्या अंतराचं. प्रत्येक नावापुढे आकडा, एकशे बत्तीस, अठ्ठ्याण्णव, दोनशे अकरा. दोनशे अकराच्या खाली लाल रेघ आणि शेजारी लिहिलेलं, "समजावून नेले." घरोघरच्या हट्टी माणसांना तिने ओढून नेलं होतं. शेवटच्या तीन नावांत तिसरं तिचं स्वतःचं. त्यापुढे आकडा होता शंभर. बरोबर शंभर. शेजारी, नॉर्मल.

तारीख मी दोनदा वाचली. तो मोर्चाचा दिवस होता. सकाळी सातला ती टेम्पोत बसली होती आणि उपकेंद्र बंद झाल्यावर घरी पोचली होती. यादी पुरी करायची होती, बाकीची दोघं उपकेंद्रावर जाऊन आली होती, एकच जागा रिकामी होती, आणि ती जागा तिची स्वतःची असल्यामुळे तिथे खोटं लिहिलं तर कुणाचं वाकडं होणार नव्हतं… असं तिने धरलं असावं. दुसऱ्या कुणाच्या नावापुढे तिने हे केलं नसतं. रोज तिच्या बोटातून थेंब निघत होते. सगळी झबली त्यांनी भिजली. एकही थेंब शुगर तपासायच्या पट्टीवर पडला नाही, कारण तिला वेळ नव्हता, आणि तिचा तो एक दिवस मी घेतला होता.

स्वाती आली ती घाईत. दारातच उभी राहिली. काकांनी पाणी दिलं ते घटाघटा प्यायली आणि मी उगाच तिच्या पायांकडे पाहिलं. तिने नवी यादी काढली. "ताई, तुमी आता हितंच ऱ्हानार काय काही दिवस? तीस झाली आसतील ना? तुमचं नाव घालावं लागंल." मी हो म्हणाले. तिने पेन उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी तर चांगल्या दिसताय. नॉर्मलच लिहिते. आज अजून चौदा घरं हायत मला."

"लिहू नकोस," मी म्हणाले.

"आवो, सगळ्या तसंच लिहित्यात. सिस्टरला यादी पायजे आसती, बोट कुनाला पायजे?"

मी चप्पल घातली आणि तिला म्हणाले, चल. ती कुरकुरली, घड्याळ दाखवलं, चौदा घरांचं पुन्हा सांगितलं. तरी आली. उपकेंद्राच्या बाहेर बाकावर आमच्या आधी पाच जण होते. स्वातीने मोबाईल काढून भरायला सुरुवात केली. मला काहीच काम नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसले, आणि पहिल्यांदाच समजलं की असं नुसतं बसणं किती लांब असतं… मावशी आयुष्यभर या लांबीत सुई घालत होती.

नंबर आला. सिस्टरने बोट पुसलं, टोचलं. दुखलं, तेवढ्याने मला हायसं वाटलं. थेंब पट्टीवर घेतला. यंत्रात आकडा यायला पाच सेकंद लागतात, मी मोजले. मग मी स्टुलावरून उठले, खांद्याला धरून स्वातीला त्यावर बसवलं, सिस्टरला म्हणाले, हिचंही बोट बघा, आणि ती नको नको म्हणत असताना पेन हातात घेऊन माझ्या नावापुढे आकडा लिहिला. तो किती आला ते इथे सांगत नाही. रजिस्टरात आहे तो खरा आहे.